ओळखीच्या माणसांची शिफारस थेट ब्राउझरमध्ये: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

केळीवाल्यांचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप गट उघडून बघा. सकाळी रावेरचा भाव, मागोमाग बऱ्हाणपूरचा भाव, मग गुड मॉर्निंगची फुलं, मध्येच कोणीतरी टाकलेली ठिबकच्या फिल्टरची लिंक आणि लगेच कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस. आठ-पंधरा दिवसांनी खरंच फिल्टर घ्यायची वेळ येते तेव्हा ती लिंक शुभेच्छांच्या ढिगाखाली गेलेली असते. मग आपण गुगल करतो आणि समोर येतात त्या जाहिराती. ज्या माणसाने तो फिल्टर स्वतःच्या बोअरवर वापरलाय, त्याचं मत आपल्याच फोनमध्ये असूनही वेळेवर हाताला लागत नाही.

आपल्याकडे कोणी काहीही नवीन सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुले कोनी सांगं?" त्या प्रश्नाचं उत्तर, पान वाचत असतानाच, ब्राउझरच्या कडेला दिसावं अशी सोय करता येते. त्यासाठी ब्राउझरमध्ये एक छोटा जोड-कार्यक्रम टाकावा लागतो. क्रोममध्ये त्याला एक्स्टेन्शन म्हणतात, फायरफॉक्समध्ये अ‍ॅड-ऑन. काम एकच. आमच्या ओळखीतल्या लोकांत हे बसवून द्यायचं काम माझ्याकडेच येतं, आणि प्रत्येक जण त्याच त्या जागी अडतो. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही तिघेच असाल आणि महिन्याला चार लिंका होत असतील, तर हे काही करू नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गटाच्या नावावर टिचकी मारली की मीडिया, लिंक आणि डॉक्युमेंट असा कप्पा मिळतो, त्यातल्या लिंकच्या यादीत आलेल्या सगळ्या लिंका एकाखाली एक असतात. तेवढ्यावर भागत असेल तर उत्तम. माणसं सात-आठ झाली, विषय वाढले, की मात्र पुढचं वाचा.

काय काय लागेल

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, शक्यतो स्वतःचा. महा ई-सेवा केंद्रातला किंवा कॅफेतला चालणार नाही, कारण पुढे येईलच.
- ताजं क्रोम, फायरफॉक्स किंवा एज.
- प्रत्येकाचा चालू ईमेल. "पोराने काढून दिला होता, पासवर्ड त्यालाच माहीत" असा ईमेल असेल तर आधी तो सोडवून घ्या.
- मराठी टाइप करण्याची सोय. फोनवर असतेच, विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी कीबोर्ड जोडता येतो.
- निवांत तासभर वेळ.

आधार, सातबारा, बँकेचं पासबुक यातलं काहीही लागत नाही. कोणी मागितलं तर तिथेच थांबा.

१. आधी माणसं ठरवा, साधन नंतर

बहुतेक जण उलटं करतात. एक्स्टेन्शन टाकतात, लिंक सगळ्या भाऊबंदांना पाठवतात, शंभर जण जोडले जातात आणि महिन्याभरात तिथेही फुलं उमलायला लागतात.

सुरुवातीला सात-आठ जण पुरे. त्यातही वेगवेगळ्या कामाची माणसं घ्या: एक-दोन शेतकरी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला एखादा शिक्षक, कृषी पदविका केलेला कोणी, जळगावला विद्यापीठात शिकणारी भाची, सुरतेला किंवा पुण्याला असलेला भाऊ. सुरतेचा भाऊ कापडाचं, वायरीचं, मोटारीचं सांगतो. भाची प्रवेशाचे फॉर्म आणि शिष्यवृत्तीचं सांगते. एकाच धंद्यातली आठ माणसं घेतली तर आठही जण एकच लिंक टाकतात.

कृषी सेवा केंद्र चालवणारे दादा गटात असावेत का, हा वाद प्रत्येक वेळी होतो. माझं मत: असावेत, त्यांना माहिती जास्त असते. फक्त त्यांच्या दुकानात जे विकलं जातं त्याची शिफारस करताना त्यांनी तसं लिहायचं, एवढी अट घाला. भला माणूस या अटीवर रागावत नाही.

२. साधन निवडा

या कल्पनेला आता वीसेक वर्षं झाली. डिलिशस नावाची सेवा २००३ मध्ये सुरू झाली. आपले बुकमार्क, म्हणजे जपून ठेवलेले पानांचे पत्ते, इंटरनेटवर ठेवायचे, त्यांना टॅग, म्हणजे विषयाच्या चिठ्ठ्या, लावायचे आणि दुसऱ्यांचे बघायचे, असा तो प्रकार होता. याहूने ती २००५ मध्ये घेतली, नंतर ती हातोहात फिरली आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या सेवेने विकत घेऊन नव्या नोंदींसाठी बंद केली. बटण दाबलं की आवडीचं नवीन पान समोर आणणारं स्टंबलअपॉन २०१८ मध्ये बंद झालं. कुठल्याही पानाच्या कडेला लोकांना शेरे लिहू देणारं गुगलचं साइडविकी २००९ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत गेलं. अगदी अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने पॉकेट, म्हणजे पानं नंतर वाचायला साठवायची सेवा, बंद केलं. अनेकांचं वर्षानुवर्षांचं वाचन त्यात साठवलेलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की साधन निवडताना सर्वांत आधी एकच गोष्ट बघायची: आपण भरलेला माल बाहेर काढता येतो का? एक्स्पोर्टची सोय नसेल तर दिसायला कितीही सुंदर असो, घेऊ नका.

सध्या मी लोकांना दोनच साधनं सुचवतो.

पहिलं रेनड्रॉप. हे बुकमार्कचं कपाट आहे. प्रत्येक विषयाचा एक कप्पा करायचा, त्याला तिथे कलेक्शन म्हणतात, आणि तो कप्पा गटातल्या लोकांना वाटून द्यायचा. कोणाला फक्त बघता येईल आणि कोणाला भरताही येईल हे ठरवता येतं. मोफत खात्यात हवे तितके बुकमार्क ठेवता येतात. पानाची कायमची प्रत जपून ठेवणं आणि पानांच्या आतल्या मजकुरातही शोधणं या सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. सुरुवातीला त्यांची गरज पडत नाही.

दुसरं हायपोथिसिस. हे ना-नफा तत्त्वावर २०११ मध्ये सुरू झालं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. यात आपण पानावरच्या एखाद्या ओळीवर रंग मारतो आणि शेजारी नोंद लिहितो. गटातला दुसरा माणूस त्याच पानावर आला आणि त्याने एक्स्टेन्शन चालू केलं की ती ओळ रंगलेली दिसते आणि कडेला आपली नोंद दिसते. खरी मजा यातच आहे. लिंक पाठवावी लागत नाही, आठवण करून द्यावी लागत नाही. पानच सांगतं की आपला माणूस इथे येऊन गेलाय.

कोणतं घ्यावं? लिंका जमवायच्या असतील तर रेनड्रॉप. लांबलचक पानं आणि पीडीएफ मिळून वाचायच्या असतील तर हायपोथिसिस. दोन्ही एकदम नको. लोक गोंधळतात आणि शेवटी पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात.

३. ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा

ही पायरी सगळे वगळतात, आणि मी हिच्यावरच अडून बसतो. क्रोममध्ये वरती उजवीकडे आपला गोल फोटो असतो, त्यावर टिचकी मारून नवीन प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरचा वेगळा कप्पा, जोडता येतं. एक्स्टेन्शन ज्या प्रोफाइलमध्ये टाकलं त्याच प्रोफाइलमध्ये चालतं. म्हणजे "वाचन" नावाचं एक प्रोफाइल करून त्यात एक्स्टेन्शन ठेवा आणि बँक, महाडीबीटी, वीजबिल, ईमेल हे सगळं दुसऱ्या, साध्या प्रोफाइलमध्ये. त्यात एकही एक्स्टेन्शन नको. दोन खिडक्यांना वेगळे रंग द्या म्हणजे घरच्यांचीही चूक होत नाही.

आता कॅफेतला कॉम्प्युटर का नको ते. क्रोममध्ये आपल्या खात्याने शिरून सिंक, म्हणजे सगळ्या मशीनवर आपलं तेच सामान दिसण्याची सोय, चालू केलं की एक्स्टेन्शन, बुकमार्क, कधी कधी साठवलेले पासवर्डसुद्धा त्या मशीनवर उतरतात. उठताना लोक खिडकी बंद करतात, खातं काढत नाहीत. दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ आलीच तर गेस्ट मोड, म्हणजे पाहुण्यांसाठीची तात्पुरती खिडकी, वापरा आणि एक्स्टेन्शन विसरा.

४. एक्स्टेन्शन टाका, पण खऱ्या दुकानातून

क्रोम आणि एजसाठी क्रोम वेब स्टोअर, फायरफॉक्ससाठी मोझिलाचं अ‍ॅड-ऑन्सचं पान. यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेली झिप फाइल उतरवून "डेव्हलपर मोड चालू करा" असं कोणी सांगत असेल तर ते करू नका. त्या वाटेने आलेल्या एक्स्टेन्शनची तपासणी कोणीच केलेली नसते.

दुकानातही नकली माल असतो. नाव तेच, चित्र तेच, बनवणारा वेगळा. म्हणून नाव टाकून शोधण्याऐवजी आधी त्या सेवेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा आणि तिथल्या बटणावरून दुकानात या. मग तीन गोष्टी बघा: बनवणाऱ्याचं नाव, शेवटचा अपडेट कधीचा, वापरणारे किती. मोझिलाच्या पानावर काही अ‍ॅड-ऑन्सना "रेकमेंडेड" असा बिल्ला असतो, तो तपासणीनंतर मिळतो. क्रोमच्या दुकानात "फीचर्ड" असा बिल्ला असतो. बिल्ला आहे म्हणून डोळे मिटून घ्या असं नाही, पण नसलेल्यापेक्षा बरा.

हायपोथिसिसचं एक्स्टेन्शन क्रोमसाठी आहे. फायरफॉक्सवाल्यांसाठी त्यांचं एक बुकमार्कलेट, म्हणजे बुकमार्कसारखं ठेवायचं बटण, मिळतं: ते ओढून बुकमार्कच्या पट्टीवर ठेवायचं आणि पानावर नोंदी बघायच्या असतील तेव्हा दाबायचं. काही संकेतस्थळांवर ते चालत नाही, त्याला इलाज नाही.

टाकल्यावर "कुठेच दिसत नाही" अशी तक्रार हमखास येते. क्रोमच्या पट्टीत कोड्याच्या तुकड्यासारखं एक चित्र असतं, सगळी एक्स्टेन्शन्स त्याच्या पोटात लपलेली असतात. ते उघडून नावाशेजारची टाचणी दाबा म्हणजे एक्स्टेन्शन कायम वर दिसेल.

५. परवानग्या: इथे घाई करू नका

टाकताना एक छोटी खिडकी येते. त्यात "सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे" अशा अर्थाचं वाक्य असतं. लोक ते न वाचता पुढे जातात. त्याचा अर्थ शब्दशः घ्या. तुम्ही जे पान उघडाल ते हा कार्यक्रम वाचू शकतो, तुम्ही चौकटीत टाइप केलेलंसुद्धा.

मग मित्रांच्या नोंदी दाखवणाऱ्याला ही परवानगी कशाला हवी? कारण तुम्ही कोणत्या पानावर आहात हे कळल्याशिवाय त्या पानावरच्या नोंदी तो आणणार कुठून? मागणी खोटी नाही, पण धोकाही त्याच मागणीत आहे. शिफारशी दाखवणारं साधन आणि पाळत ठेवणारं साधन एकाच जागी उभं असतं.

हे नुसतं भीती घालणं नाही. वेब ऑफ ट्रस्ट नावाचं एक एक्स्टेन्शन लोकांच्या मतांवरून संकेतस्थळ भरवशाचं आहे की नाही ते रंगाने दाखवायचं, म्हणजे जवळजवळ आपलाच विषय. २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने दाखवून दिलं की त्याच्या वापरकर्त्यांची, कोण कुठल्या पानावर गेलं याची माहिती बाहेर विकली जात होती आणि तिच्यावरून माणसं ओळखताही येत होती. ते दुकानांतून काढलं गेलं. २०१८ मध्ये संकेतस्थळांचं रूप बदलणाऱ्या स्टायलिशबाबत तोच प्रकार उघड झाला. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोकांचं आवडतं, वर्षानुवर्षं नीट चाललेलं एक्स्टेन्शन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक ठरवून गुगलने ते बंद केलं. म्हणजे आज चांगलं असलेलं उद्याही चांगलंच राहील असं नाही.

तेव्हा एवढं करा:

- एक्स्टेन्शनच्या तपशिलात साइट अ‍ॅक्सेस असा भाग असतो. तिथे "सर्व साइटवर" ऐवजी "क्लिक केल्यावर" निवडा. मग तुम्ही चित्रावर टिचकी मारेपर्यंत ते पानाला हात लावत नाही. एक टिचकी जास्त लागते, झोप शांत लागते.
- हायपोथिसिसच्या पर्यायांमध्ये, चित्रावर नोंदींचा आकडा दाखवायची एक खूण असते. आकडा दाखवायचा तर पानाचा पत्ता त्यांच्या सर्व्हरला विचारावा लागतो. नको असेल तर ती खूण काढा.
- अपडेटनंतर एक्स्टेन्शनने नवीन परवानगी मागितली तर क्रोम ते आपोआप बंद ठेवतं आणि तुम्हाला विचारतं. तेव्हा वैतागून "हो" म्हणू नका. का मागतंय ते वाचा.
- गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, एक्स्टेन्शन मुळात बंद असतं. ते बंदच राहू द्या.

६. गट उघडा

रेनड्रॉपमध्ये नवीन कलेक्शन करा, त्याच्या मेनूतून शेअरमध्ये जा आणि लोकांना बोलवा. सगळ्यांना बदल करायचा हक्क देऊ नका. दोघा-तिघांना तो हक्क असावा, बाकीच्यांना बघण्याचा. महिन्याभराने वाढवता येतो.

हायपोथिसिसमध्ये खाजगी गट केला की एक आमंत्रणाची लिंक मिळते. ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो खातं काढून गटात येऊ शकतो. म्हणून ती मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायची नाही, एकेकाला स्वतंत्र पाठवायची. वापरकर्त्याचं नाव निवडताना मोबाइल नंबर किंवा जन्मसाल त्यात घालू नका. ते नाव सगळ्यांना दिसतं.

आता सर्वांत जास्त फसवणारी जागा. कडेची पट्टी उघडली की तिच्या वरच्या बाजूला "पब्लिक" असं लिहिलेलं असतं. तिथे टिचकी मारून आपला गट निवडायचा असतो. तो निवडला नाही तर तुमची नोंद अख्ख्या जगाला दिसते, आणि सार्वजनिक नोंदी कोणीही, कशाही वापरू शकेल अशा मुक्त परवान्याखाली जातात. नोंद पाठवायच्या बटणावरच "पोस्ट टू" आणि पुढे गटाचं नाव लिहिलेलं असतं. बटण दाबण्याआधी ते नाव वाचायची सवय लावून घ्या. शेजारच्या पोराचा प्रवेश अर्ज कशामुळे अडला, ही गोष्ट जगाला सांगायची नसते.

७. शिफारस कशी लिहायची

इथेच गट तरतो किंवा मरतो. "मस्त आहे, घ्या" ही शिफारस नाही. "नंबर एक" हीसुद्धा नाही. चांगली नोंद अशी असते:

"हा फिल्टर आमच्या दोन एकर केळीला गेल्या उन्हाळ्यापासून आहे. बोअरचं पाणी गढूळ असेल तर जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. इथे दिसते त्या किमतीत फिटिंग धरलेली नाही."

कोणी वापरलं, कुठे, कधीपासून, आणि काय खटकलं. यातलं खटकलेलं सर्वांत मोलाचं, कारण ते विकणारा कधीच लिहीत नाही. स्वतः वापरलं नसेल तर तसं लिहा: "वाचलं आहे, वापरलं नाही." यात कमीपणा काही नाही.

अहिराणीत, लेवा बोलीत लिहिलं तरी चालतं, उलट लोक तेव्हाच मोकळं लिहितात. एखाद्या जुन्या दरपत्रकावर कोणी नुसतं "हाई पान जुनं शे" लिहून ठेवलं तरी पुढच्याचा वेळ वाचतो.

टॅगच्या बाबतीत मात्र शिस्त लागते. केळीवरच्या कुकुंबर मोझॅक विषाणूच्या रोगाला एक जण "सीएमव्ही" लिहितो, दुसरा "हरण्या", तिसरा "मोझॅक", आणि चौथा इंग्रजी अक्षरांत. चार टॅग झाले, आणि शोधणाऱ्याला एक चतुर्थांशच सापडतं. म्हणून पहिल्याच दिवशी पंधरा-वीस टॅगची यादी करा आणि गटात वर लावून ठेवा. मी बोलीतला शब्द ठेवतो, कारण शोधताना हात त्याच शब्दाकडे जातो.

याच रोगाचं उदाहरण पुढे नेतो. पावसाळ्यात पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले की गटागटांतून "हमखास औषध" म्हणून व्हिडिओ फिरतात. विषाणूला मारणारी फवारणी नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि रोग पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करायचा, हाच मार्ग आहे. कृषी शिकलेल्या तुमच्या मित्राने तशी एक नोंद त्या औषधाच्या पानावर करून ठेवली तर पुढच्या माणसाला ऐन पैसे भरताना ती दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मित्र तेच दहा वेळा लिहितो आणि अकराव्या वेळी कंटाळतो.

शासन निर्णयांच्या पीडीएफसाठी हायपोथिसिस फार उपयोगी पडतं. वीस पानांत कामाच्या ओळी तीन असतात: पात्रता, मुदत आणि कागदपत्रं. एकाने वाचून त्या रंगवल्या की बाकीच्यांचं काम झालं. एका माणसाने पीडीएफ संकेतस्थळावर उघडली आणि दुसऱ्याने उतरवून घेतली असली, तरी फाइल तीच असेल तर नोंदी दोघांना दिसतात. उतरवलेल्या फाइलसाठी एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन फाइल वाचण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ असेल तर मात्र ओळ निवडताच येत नाही, कारण तिथे अक्षरं नसतात, नुसता फोटो असतो. अशा वेळी अख्ख्या पानाला लागू होणारी नोंद लिहा. पट्टीत त्यासाठी वेगळा कप्पा आहे.

रोज बदलणाऱ्या पानांवरही हाच उपाय. बाजारभावाच्या पानावर आजच्या आकड्याला रंग मारून नोंद केली, उद्या आकडा बदलला, तर तुमची नोंद निराधार होते. तिथे अशा नोंदी "ऑर्फन्स" म्हणून वेगळ्या काढून ठेवलेल्या दिसतात. भावाच्या पानावर आकड्याबद्दल लिहू नका. लिहायचं तर पानाबद्दल लिहा: हा दर कोणत्या प्रतीचा, किती वाजता बदलतो, आपल्याकडच्या प्रत्यक्ष भावाशी जुळतो का.

लिंक साठवताना तिची शेपटीही बघा. खरेदीच्या लिंकांत प्रश्नचिन्हापुढे लांबलचक मजकूर असतो, त्यात कधी "टॅग" किंवा "रेफ" असं काही दिसतं. म्हणजे त्या लिंकवरून खरेदी झाली तर कोणाला तरी कमिशन मिळण्याची शक्यता आहे. प्रश्नचिन्हापासून पुढचं काढून लिंक उघडून बघा. पान तेच आलं तर तशीच साठवा.

८. फोनवाल्यांचं काय

गटातल्या अर्ध्याअधिक लोकांकडे लॅपटॉप नसतोच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही. सेटिंगमध्ये शोधत बसू नका, ती सोय तिथे नाही.

रेनड्रॉप निवडलं असेल तर त्याचं अ‍ॅप टाका. मग कुठल्याही पानावर शेअर दाबून ते कलेक्शनमध्ये टाकता येतं, आणि बाकीच्यांनी टाकलेलं अ‍ॅपमध्ये वाचता येतं. फोनवाल्यांसाठी हीच सगळ्यात सोपी वाट, आणि गटात फोनवाले जास्त असतील तर मी दुसरं काही सुचवत नाही.

हायपोथिसिससाठी त्यांची व्हाया नावाची सोय आहे. पानाच्या पत्त्याआधी व्हायाचा पत्ता जोडला की बरीचशी पानं नोंदींसकट उघडतात. पण ते पान त्यांच्या सर्व्हरमधून फिरून येतं, म्हणून लॉगिन करावं लागतं अशा पानासाठी ती वाट कधीच वापरू नका. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड आवृत्तीत डिसेंबर २०२३ पासून खूपशी अ‍ॅड-ऑन्स खुली झाली आहेत. हौस असेल त्यांनी तिकडे बघावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये मात्र ही भानगड टाकू नका. त्यांना लिंक पाठवा आणि फोन करून सांगा.

९. महिन्यातून एकदा झाडलोट

एकाने जबाबदारी घ्यावी. मेलेल्या लिंका काढायच्या, मुदत संपलेल्या योजनांवर तसं लिहायचं, दुहेरी टॅग एक करायचे. अर्ध्या तासाचं काम. कोणीच घेत नसेल तर शिक्षकाला पकडा, तो नाही म्हणत नाही.

त्याच दिवशी एक्स्पोर्टही करून ठेवा. रेनड्रॉपमधून सगळे बुकमार्क एचटीएमएल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये निघतात. एचटीएमएल फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये परत भरता येते, सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडते. हायपोथिसिसमध्ये त्या-त्या पानावरच्या नोंदी कडेच्या पट्टीतल्या शेअरच्या चित्रातून बाहेर काढता येतात, म्हणून शासन निर्णयासारख्या महत्त्वाच्या पानांचं तरी करून ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला आणि एक प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर असू द्या.

कोणी गट सोडत असेल तर त्याला तीन गोष्टी याच क्रमाने करायला सांगा: आधी स्वतःच्या नोंदींची प्रत काढ, मग गटातून बाहेर पड, मग एक्स्टेन्शन काढ. नुसतं एक्स्टेन्शन काढलं तर खातं आणि नोंदी तिकडे तशाच राहतात. आणि आधीच खातं डिलीट केलं, तर त्याने लिहिलेल्या नोंदीही जातात आणि तुमच्या गटातली निम्मी पानं एका दुपारी मुकी होतात.